टिप्पणी आणि शेरा

नोकरीला लागलेल्या मुलामुलींना आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये. १९९४ साली डिप्लोमा संपवून मी भोसरीच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे ऐकवलं. सांगणारे सगळे आपलेच होते आणि काळजीपोटीच सांगत होते. एकट्या माझ्या वडिलांनी ते म्हटलं नाही. ते पुण्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, "टिप्पणी खरी लिहायची. शेरा काय मारायचा ते साहेबांचं काम."

ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कागद आला की त्यावर आधी कारकून टिप्पणी लिहितो. प्रकरण काय आहे, नियम काय सांगतो, पूर्वी अशा प्रकरणात काय ठरलं होतं आणि आता काय करावं असं त्याला वाटतं. मग फाइल वर चढते. वरच्या साहेबाला पटलं तर तो सही करतो, नाही पटलं तर शेरा मारून वेगळा निर्णय देतो. तो त्याचा अधिकार आहे. पण खालच्याची टिप्पणी फाडून टाकायचा अधिकार त्याला नाही. ती फाइलमध्ये राहते आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आल्यापासून तुम्हीआम्ही तिची नक्कल मागू शकतो. सरकारी कचेऱ्यांतली दिरंगाई आणि चिरीमिरी मी पाहिली आहे, त्यांचं कौतुक करायला मी बसलेली नाही. पण या एका पद्धतीत शहाणपण आहे. पगार, खुर्ची आणि अधिकार यांत सगळ्यांत खाली असलेल्या माणसाने आधी बोलायचं, लेखी बोलायचं, आणि निर्णय घेणाऱ्याने ते वाचल्यावर आपल्या सहीने निर्णय घ्यायचा. कारकून साहेब होत नाही, साहेबाला कारकुनाच्या आड लपता येत नाही.

पुण्यातल्या खासगी नोकऱ्यांत ही रीत आपण गमावली आहे, किंवा ती कधी आलीच नाही. वरिष्ठांशी कसं वागावं यावर आज पुण्यात जे शिकवलं जातं, त्यात टिप्पणी लिहायला कुणी शिकवत नाही. एका बाजूला मान डोलवायला शिकवतात, दुसऱ्या बाजूला टपरीवर साहेबाला शिव्या घालायला मुलं आपसूक शिकतात. दोन्हींमुळे काम बिघडतं, आणि माझ्या अनुभवाने सांगते, दोन्हींमुळे नोकरीही पुढे जात नाही.

भोसरीतल्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. शाफ्टचा एक लॉट हार्डनिंग होऊन माझ्याकडे तपासणीला आला. ड्रॉइंगवर कठीणपणा ५८ ते ६२ रॉकवेल मागितलेला होता. मी लॉटमधले नग घेतले, तर काही ५६ दाखवत होते, काही ५७. मशीन पुन्हा कॅलिब्रेट करून पाहिलं, आकडे तेच. संध्याकाळचे सहा वाजले होते, गाडी गेटवर उभी होती. शिफ्टचे साहेब आले आणि म्हणाले, "एका-दोन पॉइंटने काय होतंय, पास कर." मी तेवीस वर्षांची होते, विभागात एकटी मुलगी होते, कायम होण्याचं पत्र हातात यायचं होतं. मी रिपोर्टवर ५८ लिहिलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी लॉट परत आला. ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन आम्ही चार दिवस एकेक नग तपासून वेगळा केला. त्याचं मला काही वाटलं नाही, कष्टाची सवय होती. चौकशीला बसले तेव्हा मात्र टेबलावर एकच कागद होता आणि त्यावर एकच सही होती, माझी. साहेबांनी तोंडी सांगितलेलं हवेत विरून गेलं होतं. ते खोटं बोलले असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना बहुधा आठवतही नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं, आणि ते माझ्या अक्षरात होतं.

वडिलांचं वाक्य मला त्या रात्री कळलं. कारखान्यातही टिप्पणी असते, मला ती माहीत होती, पण वापरायचा धीर नव्हता. तिला डेव्हिएशन नोट म्हणतात. माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, किती नाही, तरी सोडायचा आहे का, असं तपासणीवाल्याने लिहायचं आणि अधिकार असलेल्याने सही करून सोडायचं. पुढच्या वर्षी तसाच प्रसंग आला, साहेब वेगळे होते. मी आकडे जसेच्या तसे लिहिले, नोट भरली आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही सही करा, मी लगेच माल सोडते." आवाज चढवला नाही, बाकी कुणाला मध्ये घेतलं नाही. त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, मग मेटलर्जीवाल्यांना फोन लावला. लॉट त्या दिवशी गेला नाही. मी त्यांना हरवलं नव्हतं. निर्णय त्यांचाच होता, फक्त तो त्यांना निर्णय म्हणून घ्यावा लागला. तोंडी "पास कर" म्हणताना माणूस जेवढा विचार करतो, त्याहून सही करताना जास्त करतो.

उतरंड वाईट असते असं मी म्हणत नाही. कुणीतरी शेवटी ठरवायला लागतं आणि ठरवणाऱ्याने जबाबदारी घ्यायला लागते. दहा जणांनी दहा दिशांना ओढलं तर कारखाना एक दिवस चालायचा नाही. हिंजवडीतल्या कंपन्या सांगतात की आमच्याकडे उतरंडच नाही, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. इंग्रजीत 'यू' एकच असल्यामुळे हे सोपं जातं. पण दोघं मराठी असले की लिफ्टबाहेर पडल्यावर एक जण 'तू' म्हणतो आणि दुसरा 'तुम्ही'वरच राहतो, तिथे उतरंड पुन्हा दिसते. एप्रिलच्या सुमाराला रेटिंग लागतं तेव्हा तर ती सगळ्यांनाच दिसते. नावाने हाक मारल्याने कुणाची भीती गेली असं मी पाहिलेलं नाही. उलट कारखान्यात साहेब साहेबच असतो, त्यामुळे कुणाशी काय बोलायचं हे निदान उघड असतं. जिथे उतरंड नाही असं सांगतात तिथे ती असते आणि तिचे नियम मात्र कुठेच लिहिलेले नसतात. नांदेड-लातूरकडून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला हे सगळ्यांत जड जातं. 'सर' म्हटलं तर हसतात आणि नावाने हाक मारायला जीभ वळत नाही.

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासून एक मोजपट्टी तयार केली होती. अधिकारातली विषमता एखाद्या देशातली माणसं किती गृहीत धरतात, हे ती सांगते. त्यात भारताचा आकडा ७७ आहे, जपानचा ५४, अमेरिकेचा ४०, डेन्मार्कचा १८. मला अशा आकड्यांवर फार विसंबायला आवडत नाही, देश एका आकड्यात मावत नाही. पण जपानचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जपान काही समानतेचं माहेरघर नव्हे, तिथे वाकून नमस्कार करतानाही पायरी पाळतात. तरी टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगाराला दोरी ओढायचा अधिकार मिळाला. दोष दिसला की दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. तो दिवा ज्या बोर्डावर लागतो त्याला अँडन म्हणतात. म्हणजे वरिष्ठांचा मान ठेवूनही खालच्याचं बोलणं कामाच्या रचनेतच बसवता येतं.

चाकणच्या पट्ट्यात आज अँडन लाइनीलाइनीवर दिसतो. दोरी किंवा बटण आपण आणलं, पण ओढणाऱ्याला द्यायचा मान सोबत आणला नाही. मी एका कारखान्यात पुरवठादारांची तपासणी करायला गेले होते, तेव्हा एका कंत्राटी मुलाने बटण दाबलं. लीडर धावत आला, पण त्याचा पहिला प्रश्न होता, "लाइन कुणी थांबवली?" काय बिघडलंय हे त्याने नंतर विचारलं. त्या मुलाने पुन्हा बटण दाबलं असेल असं मला वाटत नाही.

न बोलण्याची किंमत आपण पैशात मोजतो, कधी ती माणसांत मोजावी लागते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ जणांपैकी १५८ गेले. चौकशीत आलेला एक तपशील मी कधी विसरले नाही. विमान फार उंच आणि फार वेगात येत होतं. सहवैमानिकाला ते दिसत होतं आणि त्याने उतरू नका, पुन्हा फेरी घ्या असं तीनदा सांगितलं होतं. कॅप्टनने ऐकलं नाही. सहवैमानिकाच्या हातातही कंट्रोल होते, पण बोलण्याच्या पुढे त्याचा हात गेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं मेली. तिथेही निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरं विमान अजून धावपट्टीवर आहे की काय असं विचारलं होतं आणि कंपनीतल्या अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने शंका उडवून लावली होती. टेनेरिफसारख्या अपघातांनंतर जगभरच्या विमान कंपन्यांनी एक प्रशिक्षण सुरू केलं. त्यात कनिष्ठाला स्पष्ट बोलायला शिकवतात आणि कॅप्टनला ऐकायला शिकवतात. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की ते दोघांना शिकवतात. आपल्याकडे शिकायचं फक्त खालच्याने असतं.

आणि हे पुणे आहे. वरच्याला तोंडावर खरं सांगणाऱ्यांच्या गोष्टी आपण मुलांना झोपताना सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथराव दोषी आहेत म्हणून सांगितलं आणि या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त असं त्यांच्यासमोर म्हटलं. मग पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. त्याच खुनाची दुसरी गोष्ट 'ध'चा 'मा' झाल्याची. 'धरावे' असा हुकूम होता, त्याचं 'मारावे' झालं. ती दंतकथा म्हणून सोडून दिली तरी तिच्यातली एक गोष्ट मला नेहमी खटकते: एवढा भयंकर हुकूम हातात पडल्यावर गारद्यांपैकी एकालाही वर जाऊन विचारावंसं वाटलं नाही की, खरंच असंच आहे ना? रामशास्त्री आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण रोजच्या कामात आपण गारद्यासारखे वागतो.

रामशास्त्र्यांच्या मागे न्यायाधीशाचं पद होतं, विद्वत्तेचा दरारा होता. ज्याच्या मागे तसं काही नव्हतं असा माणूसही याच शहरात होऊन गेला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्काराला पुण्यातले प्रतिष्ठित लोक जरीचे पोशाख घालून जमले होते. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणी व्हिक्टोरियाच्या त्या मुलाला त्यांनी सांगितलं की समोर दिसणारी ही नटलेली माणसं म्हणजे देश नव्हे, खेड्यात जाऊन पाहा आणि जे पाहाल ते आईला कळवा. ही माझ्या मते पुण्यात दिली गेलेली सगळ्यांत मोठी टिप्पणी आहे. तिच्यात शिवीगाळ नाही की आर्जव नाही. आपल्याला माहीत असलेली वस्तुस्थिती, ज्याला ती माहीत नाही त्याच्या कानावर घातली.

आता यावर जो आक्षेप येतो तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. "मॅडम, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?" एका महाविद्यालयात बोलायला गेले असताना एका मुलाने विचारलं होतं. बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कायम कामगार दोरी ओढतो तेव्हा त्याला ओरडा बसतो, कंत्राटी मुलाला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात. इंग्रजी सफाईने बोलणाऱ्याचा आक्षेप 'मुद्दा' ठरतो आणि अडखळत बोलणाऱ्याचा तोच आक्षेप 'गोंधळ' ठरतो. पुरुषाने ठामपणे सांगितलं तर तो कणखर, मी सांगितलं तर "मॅडम तापट आहेत". आडनावावरून जात ओळखून त्या माणसाचं म्हणणं किती वजनाचं धरायचं हे ठरवणारी माणसं एसी केबिनमध्येही बसलेली असतात, हे पुण्यात राहून नाकारणं म्हणजे डोळे मिटणं आहे. म्हणून धीट व्हा, बोला, असं नुसतं तरुणांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं. धैर्य ही अशी वस्तू आहे की ज्यांना तिची किंमत सगळ्यात जड पडते त्यांच्याकडूनच आपण ती सगळ्यात जास्त मागतो.

कायद्याला हे एका ठिकाणी नीट कळलेलं आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते आणि एक सदस्य संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो. बाहेरचा का? कारण आत बसलेला प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली असतो. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावरून वर जाणार असेल तर ती जाणार नाही. मी अशा समितीवर काम केलं आहे. बाहेरच्या सदस्याच्या नुसत्या उपस्थितीने खोलीतली भाषा बदलते. कामाच्या गुणवत्तेबद्दल, सुरक्षिततेबद्दल, खोट्या नोंदींबद्दल बोलणाऱ्यालाही असा एखादा बाहेरचा कान का मिळू नये? पुण्याचं मराठा चेंबर १९३४ पासून इथल्या उद्योगांचं प्रतिनिधित्व करत आलं आहे. सभासद कंपन्यांपुढे असा विषय मांडायला त्यांच्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. लहान कारखान्याला स्वतःची यंत्रणा परवडणार नाही, दहा-वीस कारखान्यांची मिळून परवडेल.

तोपर्यंत हप्ता असलेल्या मुलाने काय करायचं? मला जे जमलं ते सांगते. प्रत्येक गोष्टीवर टिप्पणी लिहायची नसते. जिथे आकडा आहे, सही आहे, कुणाच्या जिवाचा किंवा पैशाचा प्रश्न आहे, तिथे लिहायची. साहेबाला चारचौघांत अडवायचं नाही, मीटिंगच्या आधी दोन मिनिटं मागून एकट्याला सांगायचं. वाईट बातमी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धरून ठेवायची नाही, सोमवारी सकाळी दिलेली वाईट बातमी साहेबाच्या उपयोगाची असते. "हे होणार नाही" एवढंच सांगितलं तर ती कुरकुर. "हे या तारखेला होणार नाही, एवढं होईल, उरलेल्याला इतके दिवस लागतील" हे सांगितलं तर ते काम झालं. आणि बोलणं झाल्यावर दोन ओळी लिहून पाठवायच्या, भांडणाच्या भाषेत नव्हे, "आपलं असं बोलणं झालं" अशा भाषेत. मग साहेबाने वेगळं ठरवलं तर ते मनापासून करायचं. मला पटलं नव्हतं म्हणून मी अर्धवट केलं, असं करणाऱ्याला टिप्पणी लिहायचा हक्क राहत नाही.

या सगळ्याला आधी एक गोष्ट लागते, आपलं काम आपल्याला बारकाईने येणं. रॉकवेलचं मशीन मी पुन्हा कॅलिब्रेट केलं नसतं तर मला बोलायला पायाच नव्हता. माणसं मला विचारतात की पुढे जायला कुठले गुण लागतात. अठ्ठावीस वर्षांत माझ्यासोबतची जी माणसं वर गेली, त्यांत साहेबाची मर्जी सांभाळून गेलेली होती, हे मी नाकारत नाही. पण तो साहेब बदलून गेला की त्यातले बरेच जण होते तिथेच थांबले. साहेब कुणीही असो, टिकून वर गेली ती माणसं अशी होती की त्यांनी "झालं" म्हटलं म्हणजे ते झालेलं असायचं आणि "अडचण आहे" म्हटलं म्हणजे खरंच अडचण असायची. त्यांच्या शब्दावर वरच्याला झोप लागायची. साहेबाचं काम नक्की काय आहे, त्याला वर काय उत्तर द्यावं लागतं, हेही त्यांनी समजून घेतलेलं असायचं. हा गुण मर्जी सांभाळण्यापेक्षा अवघड आहे, कारण तो एका दिवसात दाखवता येत नाही.

तरी जास्त जबाबदारी मी वरच्यांवर टाकेन, कारण पुढे मीही वरच्यांत होते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या गटांचा अभ्यास केला, औषध देण्यात होणाऱ्या चुकांचा. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती, पण त्यांच्याकडेच जास्त सापडल्या. ते लोक जास्त चुकत नव्हते, ते चुका लपवत नव्हते. तपासणी विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे लगेच पटतं. महिनाभर शून्य रिजेक्शन दाखवणारा बोर्ड पाहिला की मी आधी तिथल्या सुपरवायझरचा स्वभाव विचारायची.

आणखी एक रीत इथे सांगण्यासारखी आहे. पुणे लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचं शहर आहे, आणि लष्कराइतकी कडक उतरंड दुसरीकडे कुठे नसेल. पण कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेतात तेव्हा सुरुवात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून होते, म्हणजे वरिष्ठांचं मत ऐकून त्याचं मत वाकणार नाही. मी विभागप्रमुख झाल्यावर सकाळच्या मीटिंगमध्ये हेच सुरू केलं. आधी ट्रेनी बोलणार, मी शेवटी. पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडलं नाही. सोळाव्या की सतराव्या दिवशी एका मुलीने सांगितलं की तीन नंबरच्या मशीनवरचं गेज झिजलंय आणि सगळ्यांना ते महिनाभर माहीत आहे. सगळ्यांना, म्हणजे मला सोडून सगळ्यांना.

आमच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयांनी याचा विचार करावा असं मला फार वाटतं. कॅम्पस मुलाखतींच्या आधी मुलांना टाय बांधायला, हस्तांदोलन करायला, गटचर्चेत मध्येच घुसायला शिकवतात. पण चार वर्षं तीच मुलं तोंडी परीक्षेत शिकलेली असतात की बाहेरून आलेल्या परीक्षकाचं चुकलं तरी "हो सर" म्हणायचं, कारण मार्क त्याच्या हातात आहेत. जर्नल आधीच्या वर्षाचं उतरवायचं, वाचनं पुस्तकातल्या उत्तराशी जुळतील अशी भरायची. मी तेवीसाव्या वर्षी ५६ च्या जागी ५८ लिहिलं, त्याचा सराव मला प्रयोगशाळेतच झाला होता. प्रयोगाचं उत्तर चुकीचं आलं, पण ते खरं लिहिलं आणि का चुकलं असेल हे मांडलं, तर त्याला पूर्ण मार्क द्यायला कुठल्याही महाविद्यालयाला एक रुपयाही खर्च येणार नाही.

हे सगळं आता लिहावंसं वाटलं ते माझ्या भाचीमुळे. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, नोकरीचं तिसरं वर्ष. तिच्या लीडने ग्राहकाला एक तारीख कबूल केली आणि त्या तारखेपर्यंत तपासणी पुरी होणार नाही हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. कॉलवर अकरा जण होते. ती गप्प बसली. आठवडाभर रात्री बारापर्यंत बसून मग एका रविवारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं मावशी." मी तिला तिच्या आजोबांचं वाक्य सांगितलं. तिने तिथेच बसून मसुदा केला. त्यात चार वेळा 'सॉरी' होतं आणि आकडा एकही नव्हता. जेवणं होईपर्यंत त्यात आकडे आले: टेस्ट केस किती, झाल्या किती, रोज किती होतात, तारखेला किती उरतील, आणि कुठले दोन भाग पुढच्या रिलीजला ढकलले तर बाकीचं नीट जाईल. सोमवारी सकाळी तिने आधी लीडला प्रत्यक्ष गाठून सांगितलं आणि मग मेल पाठवला.

तारीख बदलली नाही. एक भाग पुढे गेला, दुसरा नाही, आणि तिला दोन शनिवार जावं लागलं. लीड दोन दिवस तिच्याशी तुटक बोलत होता. मेलला त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'नोटेड'. तिला ते लागलं. मी म्हटलं, शेरा आला ना, आता तो मेल जपून ठेव. पुढच्या महिन्यात नव्या कामाची तारीख ठरवायची होती, तेव्हा कॉलच्या आधी त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, किती दिवस लागतील.